दिसेल तेच दुखणं

अमरावतीच्या राजापेठेत दुखण्याला पुरावा लागतो. हाताला प्लास्टर असलं की पानठेल्यावरच्या बाकावर आपोआप जागा होते. सलाईन लागलं की अख्खी गल्ली डबे घेऊन हजर होते आणि आजाऱ्याच्या उशाशी बसून स्वतःच्या ऑपरेशनांची उजळणी करते. तापाला थर्मामीटर असतो. साखरेला तर छापील रिपोर्ट असतो आणि लग्नात जिलबी वाढणाऱ्याला तो आकड्यांसकट ऐकवता येतो. स्नायूच्या दुखण्याकडे यातलं काहीच नसतं. एक्स-रे काढला तर हाडं ठणठणीत निघतात, रक्त तपासलं तर तेही निर्दोष सुटतं. चेहरा कितीही पाडून बसा, घरचे एवढंच म्हणतात, "रात्री मॅच पाहताना तर चांगले उड्या मारत होते."

माझ्या मानेत आणि उजव्या खांद्यात शिरलेलं दुखणं याच जातीचं होतं आणि ते कूलरमधून आलं होतं.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाला कूलरचं महत्त्व सांगितलं पाहिजे. मे महिन्यात आमच्या अमरावतीत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तरीही अकोल्याचा पाहुणा आला की कपाळ पुसत म्हणतो, "तुमच्याकडे बरं आहे बुवा, गार आहे." उन्हाळ्यात राज्यात पहिलं येणं हा अकोलेकर आपला वडिलोपार्जित मान समजतात आणि त्यात वाटेकरी नको असतो. तर होळी झाली की माळ्यावरून कूलर उतरवणं हे आमच्याकडचं धर्मकार्य. कूलर हा वऱ्हाडाचा हंगामी जावई. चार महिने मुक्कामाला येतो, बादल्यांनी पाणी पितो, रात्रभर घोरतो आणि तरीही सगळं घर त्याच्याच तोंडाकडे बघत बसतं. फरक एवढाच, की जावई स्वतःच्या पायांनी जिना उतरतो. लोखंडी बॉडीचा कूलर उतरवायला दोन माणसं लागतात, एक उचलणारा आणि एक खालून "धरलं, धरलं" म्हणणारा. मी उचलणारा होतो.

उचलून नेण्याची परंपरा आमच्या गावात तशी जुनी. कौंडिण्यपूरच्या रुक्मिणीला श्रीकृष्णाने आमच्याच अंबादेवीच्या देवळातून रथात घेऊन नेलं, हे आम्ही प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी सांगतो. त्यानंतर श्रीकृष्णाची मान आखडली असा उल्लेख कुठल्याही पुराणात नाही. पण रुक्मिणी स्वतःच्या मर्जीने रथात चढली होती. कूलरची मर्जी नव्हती.

मानेत चमक भरली. उजवीकडे पाहायचं तर सगळंच धड उजवीकडे वळवावं लागे. राजापेठ चौकात दुचाकीवर असताना असं धड वळवून पाहणं ट्रॅफिकच्या दृष्टीने धोक्याचं असतं आणि ओळखीच्यांना ते तुसडेपणाचं वाटतं. राजापेठचा रेल्वे अंडरपास आला की उतार, चढ आणि मधला प्रत्येक धक्का मानेतून मोजून घेत मी पलीकडे पोचायचो. एवढं होऊनही घरात माझ्याबद्दल कुणाच्या मनात कणव नव्हती, कारण दिसत काहीच नव्हतं.

निदान आईने केलं. "बाबू, हे तं उसन हाये. पायाळू मान्साची लात लागल्याशिवाय जात नाई."

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू आणि त्याने हलकेच लाथ लावली की उसण उतरते, हे आमच्याकडचं जुनं ऑर्थोपेडिक शास्त्र. त्याला ना फी, ना वेटिंग. अडचण निराळीच होती. आमच्या नात्यातला एकमेव पायाळू दर्यापूरला राहतो आणि तो माझा मेहुणा आहे. बायकोने इतक्या तत्परतेने फोन हातात घेतला, की माझ्या दुखण्याबद्दल तिला वाटणारी काळजी मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. पलीकडून मेहुणाही लगेच तयार झाला. "भाटोजीले सांग, पहिल्या बसनं निंगतो." एरवी शेतातल्या कामाचं निमित्त सांगून लग्नालाही न येणारा माणूस! त्याला तसाच थांबवला.

मग गल्लीने आपापली औषधपेटी उघडली. समोरच्या काकूजींनी एरंडाचं पान गरम करून दिलं. शेजारून निरगुडीचा पाला आला. कोणी आंबेहळदीचा लेप सांगितला, कोणी तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी, कोणी ओवा-लसूण जाळलेलं जवसाचं तेल. मी सगळंच केलं. दुखणं थोडं हललं, पण मी ऑफिसात बसलो की आजूबाजूच्या टेबलांवर भूक लागायची. आणि हे सगळे उपचार शर्टाखाली. बाहेरून मी तोच, धडधाकट आणि आळशी.

शेवटी फिजिओथेरपीचा दवाखाना गाठला. तो पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, त्यामुळे गुडघ्याच्या पेशंटांचा निम्मा व्यायाम दारात पोचेपर्यंतच होतो. फिजिओ मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मान या बाजूला, त्या बाजूला, वर, खाली करायला लावली आणि मी ज्या ज्या ठिकाणी "हाय" म्हणालो तिथे तिथे पेनाने कागदावर खूण केली. मानेपासून खांद्यापर्यंत ट्रॅपिझियस नावाचा स्नायू असतो, तो ताणला गेला होता. दुखऱ्या जागेला नाव मिळालं आणि माझी निम्मी तक्रार तिथेच मिटली. इतके दिवस 'इथं, इथं' करत होतो, आता सांगायला शब्द आला.

मॅडमनी ड्रॉवर उघडला आणि त्यातून रंगीत पट्ट्यांचे रोल काढले.

"ही किनेसिओ टेप, काका."

"यात औषध कोणतं?"

"औषध काहीच नाही."

मी रोल हातात घेऊन पाहिला. पातळ सुती कापड, त्यात ताणले जाणारे धागे. लांबीच्या दिशेने ओढली की मूळ लांबीच्या १४० टक्क्यांपर्यंत ताणली जाते, रुंदीत मात्र हलत नाही. मागच्या बाजूला कागद, कागदाखाली ॲक्रिलिकचा गोंद आणि तो गोंद सलग न लावता नागमोडी रेघांनी लावलेला. जाडी आणि वजन कातडीच्या जवळपास, म्हणजे थोड्या वेळाने अंगावर आहे हे विसरायला होतं. मॅडमनी लांबी मोजून तुकडा कापला आणि त्याचे चारही कोपरे कात्रीने गोल केले. कोपरा टोकदार राहिला तर शर्टाला अडकून पट्टी तिथूनच सुटू लागते. मग माझं डोकं डाव्या खांद्याकडे झुकवलं, उजव्या खांद्याच्या टोकावर पट्टीचं एक टोक न ताणता चिकटवलं, मधला भाग अगदी जरासा ताणत मानेवर केसांच्या रेषेपर्यंत नेला आणि दुसरं टोकही न ताणताच बसवलं. "डोकं सरळ करा." केलं, तशा पट्टीवर बारीक सुरकुत्या उमटल्या.

"आता हाताने घासायचं. हा गोंद उष्णतेने पकडतो."

घासायला लागू नये एवढी उष्णता राजापेठेत मार्चपासून जूनपर्यंत फुकट मिळते. खाली उतरून गाडीच्या सीटवर बसेपर्यंत पट्टी माझ्यात पूर्ण विलीन झाली होती.

रंगाचा प्रश्न मात्र सोपा नव्हता. ड्रॉवरमध्ये निळा, गुलाबी, काळा आणि कातडीचा असे रोल होते. मॅडम म्हणाल्या, "कोणताही घ्या, रंगाने उपचारात फरक पडत नाही." पडत नसेल, त्यांच्या पुस्तकात. आपल्याकडे रंग बिनपक्षी कुठे असतो? निळा लावून चौकातून गेलो तर एका बाजूचे नमस्कार करतील आणि दुसऱ्या बाजूचे विचार करत बसतील. भगवा आणि हिरवा ड्रॉवरमध्ये नव्हताच, कंपनीने हुशारीने टाळला असावा. गुलाबी निरुपद्रवी वाटला होता, पण २०२४ च्या निवडणुकीत त्यालाही एक पक्ष लाभला. 'कातडीचा' म्हणून जो रंग होता तो कोणत्या देशातल्या कातडीचा हे कळेना. राजापेठेच्या उन्हात ती कातडी एक एप्रिल टिकवून दाखवा म्हणावं. राहिला काळा. काळा घेतला, म्हटलं नजरही लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कॉलरच्या वर डोकावणारी काळी पट्टी पाहून शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ उठून जवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "संघटनेनं काळ्या फितीचं आंदोलन काढलं का? आम्हाले निरोप नाई." मी मानेचं सांगायला तोंड उघडणार तोच त्यांनी विचारलं, "जुन्या पेन्शनचंच न?" दुपारपर्यंत आमच्या विभागातल्या अर्ध्या लोकांच्या खिशांवर काळ्या फिती होत्या. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि म्हणाले, "तुमच्या भावना वरपर्यंत पोचवतो." इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या भावना वरपर्यंत जाण्याची ही पहिली वेळ. मानेला झालेला आराम यातला किती पट्टीमुळे आणि किती त्या खुर्चीमुळे, हे वेगळं काढता येणार नाही.

संध्याकाळी पानठेल्यावर गेलो तर बाकावरचे दोघं सरकले. "काय झालं गा?" असा प्रश्न मला विचारला गेला आणि उत्तर संपेपर्यंत ऐकलंही गेलं. मी अगदी खर्जात म्हणालो, "ट्रॅपिझियस." त्या शब्दासरशी बाकावर आणखी जागा झाली.

तिथे जिमला जाणारा एक पोट्टा उभा होता. तो पट्टीकडे पाहून हरखला. "काकाजी, हे तं प्लेअर लोकायची पट्टी हाये!" आणि त्याने मला माझ्याच मानेचा इतिहास सांगितला. केंझो कासे नावाच्या जपानी कायरोप्रॅक्टरने ही पट्टी १९७० च्या दशकात बनवली. त्याआधी खेळाडू कडक पांढरी चिकटपट्टी गुंडाळायचे, त्यात सांधा आवळून जागच्या जागी थांबायचा. कासेंना दुखऱ्या जागेला आधार द्यायचा होता आणि हालचालही चालू ठेवायची होती, म्हणून कातडीबरोबर ताणली जाणारी पट्टी. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी ५८ देशांच्या संघांना ती फुकट वाटली गेली. बीच व्हॉलीबॉलमध्ये अमेरिकेची केरी वॉल्श खांद्यावर काळी पट्टी चिकटवून उतरली आणि सोनं घेऊन गेली. सगळ्या जगाने टीव्हीवर तो खांदा पाहिला आणि प्रत्येकाचा खांदा दुखू लागला. मग २०१२ च्या युरो स्पर्धेत उपांत्य सामन्यात इटलीच्या बालोटेलीने जर्मनीवर दुसरा गोल मारला, शर्ट काढला आणि नुसता पुतळा होऊन उभा राहिला. पाठीवर निळसर पट्ट्या.

"तुमी बी एक डाव शर्ट काढून हुबे राहा न, काकाजी," पोट्टा म्हणाला. "फोटो काढतो."

राजापेठेवर तेवढा प्रसंग मी येऊ दिला नाही.

पट्टी सुती आहे हे कळल्यावर पानठेल्यावरच्या एका शेतकरी गृहस्थांनी तिला बोट लावून पाहिलं आणि भाव विचारला. पाच मीटरच्या रोलची किंमत ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमी क्विंटलनं इकतो." वऱ्हाडाचं कापसाशी असंच जुनं नातं आहे. इंग्रजांच्या काळात यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर या नॅरोगेजवरून आमचा कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला जायचा आणि कापड होऊन आमच्याच अंगावर परत यायचा, आमच्याच खर्चाने. आता तो रंगीत आणि गोंद लावून येतो. शर्टाच्या कापडाला मीटरमागे जो भाव देताना आम्ही दुकानदाराशी भांडतो, त्याच्या कितीतरी पट भाव आम्ही पाच सेंटिमीटर रुंदीच्या चिंधीला निमूट देतो, कारण ती दुखण्याची आहे. दुखण्यात घासाघीस करणं आपल्याकडे अशुभ मानतात.

माझी मान पाहून गल्लीत मागणी सुरू झाली. पानठेलेवाल्या भाऊचा दिवस खर्रा घोटण्यात जातो. पन्नीवर सुपारी-तंबाखू ठेवून हाताने रगडत राहायचं, त्यात त्याचं मनगट आणि खांदा दोन्ही कामातून गेलेले. "मले खरी गरज हाये, तुमी तं खुर्चीवर बसता," असं तो मला रोज सुनावू लागला. खरं होतं ते. वाळवणाचे दिवस असल्याने कुरडयांचा सोऱ्या फिरवून दोन घरच्या काकूजींचे दंड भरून आले होते, त्याही जाऊन निळ्या-गुलाबी पट्ट्या लावून आल्या. रंग साडीवर जुळवून. जिमवाल्या पोट्ट्याने दंडावर काळी पट्टी लावली. त्याचं काय दुखतं विचारलं तर म्हणाला, "दुखत कायी नाई, वरात हाये." आईने एके दिवशी जाहीर केलं, की तिचा गुडघा माझ्या मानेपेक्षा चाळीस वर्षांनी सीनियर आहे आणि पहिला हक्क त्याचा. मॅडमनी तिची कातडी तपासून सांगितलं, की म्हातारपणी कातडी पातळ होते, पट्टी काढताना सोलली जाऊ शकते, म्हणून गुडघ्याला व्यायाम आणि शेकच बरा. आई परत येताना जिन्यावर म्हणाली, "तुह्यावर खर्च करतेत सारे."

एका गृहस्थांनी मात्र मोबाइलवर व्हिडिओ पाहून स्वतःच्या कमरेला स्वतःच पट्टी लावली. पैसे दिलेत तर पूर्ण वसूल करावेत म्हणून त्यांनी ती तिच्या शेवटच्या दमापर्यंत ताणली, टोकांसकट. टोकांना ताण दिला की सगळी ओढ तिथल्या कातडीवर येते. रात्रीतून टोकांखाली फोड आले आणि मधल्या भागात घामोळ्या. त्यांची कंबर पहिल्यापेक्षा बरी होती, असं ते सांगत, कारण आता तिच्याकडे लक्षच जात नव्हतं.

पट्टी काढण्याचा सोहळा वेगळाच. लावलेली पट्टी तीन ते पाच दिवस राहते, आंघोळ चालते, पंच्याने टिपून घ्यायचं, घासायचं नाही. काढताना खोबरेल तेल लावून थोडं थांबायचं, केसांच्या दिशेने हळूहळू सोडवायची आणि पट्टी ओढण्यापेक्षा कातडी खाली दाबत जायचं. हे सगळं मी बायकोला वाचून दाखवलं. तिने तेल लावलं, थांबली नाही आणि एका झटक्यात विषय संपवला. माझा आवाज अंडरपासपर्यंत गेला असावा. ती शांतपणे म्हणाली, "आम्ही पार्लरमध्ये पैसे देऊन करतो हे. कोणी ओरडत नाही." त्यानंतर माझ्या दुखण्याची तुलना तिने कशाकशाशी केली ते लिहीत नाही.

पुढच्या खेपेला मॅडमना विचारलं, की ही पट्टी नेमकं करते काय? त्यांनी आधी कासेंची मांडणी सांगितली. पट्टी कातडीला किंचित उचलते, खाली जागा होते, रक्त आणि लसिका यांचा प्रवाह सुधारतो, स्पर्शाचे संदेश मेंदूकडे जात राहतात आणि दुखण्याचे संदेश त्या गर्दीत मागे पडतात. मग माझ्याकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "काका, खरं सांगू? अभ्यास एवढे चांगले नाहीत." न्यूझीलंडच्या संशोधकांनी २०१२ मध्ये खेळाडूंच्या दुखापतींवरचे तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, दुसऱ्या ताणपट्ट्यांपेक्षा ही सरस आहे असं म्हणायला दमदार पुरावा सापडला नाही. २०१४ मध्ये ब्राझीलमध्ये जुन्या कंबरदुखीचे १४८ लोक घेतले. निम्म्यांना सुरकुत्या पडतील अशी ताणून पट्टी लावली, निम्म्यांना सपाट, बिनताणाची. दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक निघाला नाही. सुरकुत्यांचा काही उपयोग नसतो, हे आमच्या गल्लीतल्या कोणत्याही बुढ्याने ब्राझीलला फुकट कळवलं असतं.

"मग लावता कशाला?" मी विचारलं.

"काही लोकांना थोडे दिवस थोडं बरं वाटतं. आणि बरं वाटलं की ते मान हलवायला घाबरत नाहीत. मान हलली की व्यायाम सुरू करता येतो. बरं तर व्यायामानेच व्हायचंय." असं म्हणून त्यांनी मला पहिल्याच दिवशी दिलेल्या कागदाची चौकशी केली.

तो कागद आमच्या फ्रिजवर होता. त्यावर बिनचेहऱ्याची माणसं काढलेली होती. एक हनुवटी आत ओढून मान मागे नेत होतं, एक खांद्यांची पाती मागे जोडत होतं, एक भिंतीवर हात सरकवत होतं. घरातले सगळे दूध काढताना तो कागद पाहत आणि चित्रं चांगली आहेत म्हणत.

आता यात विरोधाभास असा, की आमच्या गावाला व्यायाम कोणी शिकवायची गरज नाही. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी इथे हनुमान आखाड्याचं रोप लावलं, त्याचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. १९३६ मध्ये या मंडळाचा चमू बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन कबड्डीसह आपले देशी खेळ सगळ्या युरोपला दाखवून आला. आज तिथे शारीरिक शिक्षणाचं मोठं महाविद्यालय आहे, मल्लखांबावर पोरं उलटी लटकलेली असतात आणि त्यांच्या घामाला कुठलाही रंग नसतो. अमरावतीकर या संस्थेबद्दल बोलताना अशी छाती फुगवतो, की ऐकणाऱ्याला वाटावं हा आत्ताच दंड-बैठका मारून आला. आमच्या गल्लीतल्या कैक जणांनी शंभर वर्षांची ही परंपरा केवळ अभिमानाच्या जोरावर पेलून धरली आहे. आखाड्याच्या गावी राहतो म्हणजे निम्मा व्यायाम झालाच, उरलेला निम्मा पट्टी करील.

पट्टीवर आमचा जीव का, हे मला फ्रिजसमोर उभं राहिल्यावर कळलं. पट्टी लावली की साहेब खुर्ची देतात, बाकावर जागा होते, पोट्टे इतिहास सांगतात. हनुवटी आत ओढून दहा आकडे मोजणाऱ्याला कोण विचारतो? तो खोलीचं दार लावून करतो आणि बाहेर येतो तेव्हा पहिल्याइतकाच आळशी दिसतो. उपचार केल्याचं सुख पाहिजे असेल तर तो कोणीतरी पाहिला पाहिजे. व्यायामाचं दुर्दैव असं, की तो गुलाबी, निळा किंवा काळा मिळत नाही.

तेव्हा मी व्यायाम ओट्यावर आणला.

सकाळी साडेसातला, गल्ली भरात असताना, मी ओट्यावर खुर्ची टाकून बसलो आणि हनुवटी आत ओढली. ही हालचाल अशी, की नजर समोर, चेहरा सरळ आणि सगळं डोकं आडवं मागे जातं, गळ्यावर दुहेरी हनुवटी येते आणि डोळे आपोआप मोठे होतात. नेमकी त्याच वेळी भाजीवाली पुढ्यात आली. "मेथी वीसची जुडी, भाऊ." मी पाच आकडे होईपर्यंत मान मागे धरून होतो. ती चमकली. "बरं, पंधराले घ्या." दुसऱ्या फेरीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, फुकट मिळाला. घरात आजवर माझ्या कुठल्याही व्यायामाचं कौतुक झालं नव्हतं. त्या दिवशी बायकोने आतून सांगितलं, "वांगी पण घ्या. तसंच करत."

बघता बघता ओट्यापुढे लोक थांबू लागले. पहिले आले ते चूक काढायला. समोरचे काकाजी म्हणाले, "खांदे वर जाऊन रायले." खरंच जात होते. पानठेलेवाला भाऊ खर्रा घोटता घोटता मोजू लागला आणि मी एखादी हनुवटी खाल्ली की तिथूनच ओरडू लागला, "काकाजी, नऊच झाल्या!" कुरडयावाल्या काकूजी खांद्यांची पाती जोडायला कठड्याशी उभ्या राहिल्या. त्यांचं पाहून आईने गुडघा सरळ करण्याचा व्यायाम खुर्ची जोडून सुरू केला आणि माझ्यापेक्षा पाच जास्त करते हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली. वरातवाला पोट्टा रबरी पट्टा घेऊन आला, कारण पाहणारे आहेत म्हटल्यावर त्याला रंगाची गरज उरली नव्हती. एखाद्या दिवशी पावणेआठपर्यंत मी ओट्यावर दिसलो नाही तर दार वाजतं. बरं नाही म्हटलं तर विचारतात, "दाखव, काय दुखते?" आणि दाखवायला आता काही नसतं.

मान वळू लागली. चौकात नुसती मान फिरवून मी ओळखीच्यांना ओळख देतो आणि तुसडा म्हणून झालेलं नाव हळूहळू पुसलं जातंय. दर्यापूरचा मेहुणा अधूनमधून फोन करून आशेने विचारतो, "भाटोजी, उसन कशी हाये?"

परवा मॅडमनी मान तपासली, हवी तशी फिरते म्हणाल्या आणि सवयीने ड्रॉवर उघडला. "लग्नसराई आहे काका, थोडे दिवस एक पट्टी देऊ का आधाराला?"

"नको मॅडम," मी म्हणालो. "आता गल्ली चिकटलीय. ती तेल लावूनही निघत नाही."